हरलेल्या वाडीचा आवाज पंचायतीत कसा पोहोचेल?

प्रश्न : आमच्या खाडीपट्ट्यात कोणतीही निवडणूक आली की गाव दोन पॅनेलांत फाटते. भावकीत बोलणे बंद होते, गावकीची बैठक बसत नाही. निकाल लागला की जिंकलेले आपल्या वाडीत कामे नेतात आणि हरलेले पाच वर्षे तक्रारी अर्ज करत बसतात. वर तालुक्यात, जिल्ह्यात तेच. अमेरिकेत दोन पक्षांमधले वैर कमी करण्यासाठी निवडणुकीची पद्धतच बदलावी अशी चर्चा चालते, असे वाचले. आपल्याकडे तसा काही इलाज आहे का? की माणसांचे स्वभाव बदलेपर्यंत वाट पाहायची?
— एक वाचक, दासगाव (ता. महाड)

उत्तर : इलाज आहे. तो सांगणारा माणूस तुमच्या तालुक्याच्या इतिहासातच सापडतो, म्हणून या प्रश्नाला मी नेहमीपेक्षा जास्त जागा देतो आहे.

आधी दुखणे नेमके कुठे आहे ते पाहू. ग्रामपंचायतीची निवडणूक कायद्याने पक्षविरहित आहे. उमेदवाराला पक्षाचे चिन्ह मिळत नाही, राज्य निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांतले एखादे घ्यावे लागते. तरीही गावात दोनच पॅनेले का उभी राहतात? स्वभाव हे त्याचे एक कारण असेल, पण मते मोजण्याचा नियम हे त्याहून मोठे कारण आहे. आपल्याकडे एका प्रभागातून साधारण दोन किंवा तीन सदस्य निवडले जातात आणि प्रत्येक जागेसाठी मतदार वेगळे मत देतो. समजा, एका प्रभागात 600 जणांनी मतदान केले. एका पॅनेलकडे 330 माणसे आहेत, दुसऱ्याकडे 270. प्रभागात जागा तीन. प्रत्येक जागेवर पहिल्या पॅनेलला 330 आणि दुसऱ्याला 270 मते पडतात. निकाल : पहिले पॅनेल तीन, दुसरे शून्य. शेकड्यात 45 माणसे ज्यांच्या मागे उभी राहिली, त्यांचा पंचायतीत एकही माणूस नाही.

कोकणात हा हिशेब जास्त बोचतो. आपली गावे वाड्यांची. वाडी ही बहुतेक वेळा एका समाजाची, एका भावकीची असते. तिची वेगळी गावकी आणि मुंबईत वेगळे मंडळ असते. पॅनेल पडले म्हणजे बऱ्याचदा एक अख्खी वाडी पडते. तिची पाखाडी, तिच्या नळाची लाइन, तिच्या रस्त्यावरचा दिवा यांविषयी सभागृहात बोलायला कोणी उरत नाही. अशा वाडीतल्या माणसाने पाच वर्षे अडवणूक केली तर त्याला नुसता आडमुठा म्हणून भागत नाही. त्याच्या हाती दुसरे काही ठेवलेलेच नसते.

तिसरे पॅनेल का उभे राहत नाही, हेही यातच आले. शंभर मते असलेल्या तिसऱ्या गटाला एकही जागा मिळणार नाही, उलट त्याच्यामुळे नावडता गट निवडून येईल, हे त्या गटालाही कळते. म्हणून तो दोहोंपैकी एका बाजूला जाऊन मिळतो. ज्याला जास्त मते तो जिंकला, या नियमाने दोन पक्षांकडेच राजकारण झुकते, हे फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हेर्जे यांनी 1951 साली मांडले. अमेरिकेतल्या दोन पक्षांचे मूळ बरेचसे याच नियमात आहे. तिथे तर 1967 च्या कायद्याने प्रतिनिधीगृहासाठी एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी, असे बंधनच घातले आहे.

आता महाडकडे येऊ. दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी पुढाकार घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या परिषदेला आणले आणि 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे तुम्हाला सांगायला नको. त्या लढ्यात बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले, महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेले सुरेंद्रनाथ टिपणीस पुढे 1937 साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कुलाबा जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्याच पक्षाचे अनंतराव चित्रे रत्नागिरीतून गेले. काँग्रेसची लाट असताना, 1936 मध्ये जन्मलेल्या या पक्षाने 17 उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आणले.

हे जमले त्यामागे कष्ट, संघटना आणि खोतीखाली दबलेल्या कुळांचा राग होताच. पण त्या निवडणुकीचा नियमही निराळा होता. तेव्हा मुंबई प्रांतात एका मतदारसंघातून अनेक आमदार निवडायचे आणि मतदाराला जागा असतील तितकी मते असायची. ती मते त्याने वेगवेगळ्या उमेदवारांना वाटावीत किंवा सगळी एकालाच द्यावीत, ही त्याची मर्जी. याला संचयी मतदान म्हणतात. थोड्या लोकांचा गट आपली सगळी मते एका माणसावर एकवटून त्याला सभागृहात पोहोचवू शकत असे. राखीव जागेवर त्या वर्गातला सर्वाधिक मतांचा उमेदवार घ्यायचा आणि उरलेल्या जागा मतांच्या क्रमाने भरायच्या, अशी रीत होती. मतदारांत निरक्षर पुष्कळ होते, तरी निवडणूक पार पडली. त्याच विधानसभेत 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले.

वरच्या प्रभागाचा हिशेब या नियमाने पुन्हा करून पाहा. प्रत्येक मतदाराला तीन मते. पहिल्या पॅनेलकडे 330 गुणिले 3, म्हणजे 990 मते. दुसऱ्याकडे 810. आता पहिल्या पॅनेलने हाव धरून तिन्ही जागांवर उमेदवार दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 330 मते येतील. दुसऱ्याने दोनच उमेदवार दिले, तर प्रत्येकाला 405. म्हणजे मोठ्या पॅनेलला एक जागा आणि लहान पॅनेलला दोन! हे टाळायचे तर मोठ्या पॅनेलला दोघांवरच थांबावे लागते. मग त्याच्या दोघांना 495-495 मते पडतात आणि निकाल दोन विरुद्ध एक असा लागतो. गावातले बळ जसे आहे, साधारण तसाच निकाल. सगळे ओरबाडू पाहणाऱ्याचे नुकसान होते आणि आपल्या वाट्यावर थांबणाऱ्याचा फायदा होतो, हा या नियमाचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. तीन जागांच्या प्रभागात पाव हिश्शाहून थोडी जास्त मते एकजुटीने पडली की एक जागा हमखास येते. तिसऱ्या गटालाही मग कुणाच्या दावणीला बांधून घ्यावे लागत नाही.

बाबासाहेबांचे या विषयावरचे मत काळानुसार कसे बदलले, हेही समजून घेण्यासारखे आहे. 4 जानेवारी 1949 रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अनेक सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान सुचवणारी दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध केला. देशात साक्षरता कमी आहे आणि सभागृहाचे तुकडे झाले तर सरकार टिकणार नाही, ही त्यांची चिंता होती. देश नुकताच फाळणीतून बाहेर आला होता, त्यामुळे ती चिंता अवास्तव नव्हती. पण 1955 साली भाषावार राज्यांवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात त्यांनी स्पष्ट सुचवले की एकसदस्य मतदारसंघांऐवजी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ करावेत आणि संचयी मतदान आणावे. गावागावांत एक मोठी जात आणि तिच्या आधाराने राहणाऱ्या लहान जाती, हे चित्र त्यांच्यासमोर होते. मोठ्या संख्येच्या जुलमापासून लहानांना वाचवण्याचा हा उपाय त्यांनी सुचवला. तो कुणी अंमलात आणला नाही. उलट 1961 साली दोन सदस्यांचे मतदारसंघच कायद्याने बंद झाले. या पुस्तकातला हा भाग आपल्याकडे जितका वाचला जायला हवा होता तितका वाचला गेला नाही, असे मला मनापासून वाटते.

परदेशात संचयी मतदानाचा दीर्घ अनुभव आहे आणि तो अमेरिकेतलाच आहे. इलिनॉय राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी 1870 ते 1980, म्हणजे एकशे दहा वर्षे, हीच पद्धत होती. प्रत्येक मतदारसंघातून तीन सदस्य. शिकागो शहर डेमोक्रॅटिक पक्षाचे, तरी तिथून रिपब्लिकन सदस्य येत. उपनगरे आणि ग्रामीण भाग रिपब्लिकनांचे, तरी तिथून डेमोक्रॅट येत. प्रत्येक पक्षात राज्याच्या सर्व भागांची माणसे असल्याने शहराचा प्रश्न पक्षाचा प्रश्न होऊन बसत नसे. आमदारांच्या पगारवाढीवर लोक चिडले, त्या रागात 1980 साली सदस्यसंख्या 177 वरून 118 वर आणली गेली आणि ही पद्धतही बुडाली. 2001 साली दोन्ही पक्षांच्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखालच्या समितीने ती परत आणावी अशी शिफारस केली. दोषही नोंदले गेले होते. पुष्कळदा दोन्ही पक्ष मिळून तिघेच उमेदवार द्यायचे, मग मतदाराला निवडायला काही राहायचेच नाही. आपल्याकडे दोन पॅनेलांचे पुढारी रात्री बसून ‘दोन तुमचे, एक आमचा’ असे ठरवून टाकतील, हा धोका मी नाकारत नाही. पण अपक्षाला किंवा तिसऱ्या गटाला पाव हिश्शाच्या मतांवर आत येता येते, हा त्यावरचा उतारा त्याच नियमात आहे.

इथे तुम्ही म्हणाल, यापेक्षा निवडणूक बिनविरोध करावी. त्याला बक्षीसही जाहीर होते. मनाने एकत्र आलेल्या गावाने बिनविरोध केली तर आनंदच आहे. पण बिनविरोध म्हणजे सहकार्य, असे समीकरण मांडू नये. जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. बिनविरोधात बहुतेक वेळा दबते ती लहान वाडी, बाई, आणि ज्याच्याकडे पैसा नाही तो. मत मोजलेच गेले नाही तर त्यांचे बळ कधी दिसणारच नाही.

सरपंचाचे काय? ते पद एकच, त्यामुळे मते एकवटण्याचा इलाज तिथे चालत नाही. 2017 साली महाराष्ट्राने सरपंचाची थेट निवड आणली, 2020 मध्ये ती रद्द केली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली. सरकार बदलले की नियम बदलला, आणि प्रत्येक वेळी फायदा कुणाचा याचाच हिशेब झाला. सदस्यांनी सरपंच निवडायचा म्हटले की सदस्यांना सहलीला नेऊन डांबण्याचे प्रकार होतात. थेट निवड म्हटले की एका पदासाठी गाव सरळ दोन तुकड्यांत उभे राहते आणि पुष्कळदा सरपंच एका पॅनेलचा, बहुमत दुसऱ्याचे, अशी कोंडी होते. थेट सरपंचावर अविश्वास आणायचा तर पहिली दोन वर्षे तो आणताच येत नाही आणि नंतर तीन चतुर्थांश सदस्य व शिवाय ग्रामसभा यांची संमती लागते. म्हणजे कोंडी झाली की ती लांबते.

माझे मत असे की थेट निवड ठेवावी, पण मत पसंतीक्रमाने घ्यावे. ही पद्धत तुमच्या भागाला नवी नाही. कोकण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत ज्यांनी मत दिले आहे, त्यांना ती ठाऊक आहे. कागदी मतपत्रिका हाती येते, केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांच्या नावापुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. स्वतःचा पेन चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील, तर शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजतात. राज्यसभेसाठी आमदार मते देतात तेव्हाही पसंतीक्रमच लिहितात. सरपंचपदासाठी हे आले तर उमेदवाराला समोरच्या वाडीतही जावे लागेल आणि म्हणावे लागेल, ‘पहिले मत तुमच्या माणसाला द्या, दुसरे मला द्या.’ ज्याच्याकडे दुसरे मत मागायचे आहे त्याला चावडीवर उभे राहून शिवी देता येत नाही. अमेरिकेत अलास्का राज्याने 2020 साली लोकमताने पसंतीक्रम स्वीकारला तो याच आशेने. 2024 साली तो रद्द करण्याचा प्रस्ताव तिथे अगदी थोड्या मतांनी पडला. म्हणजे तिथेही लोकांची खात्री पटायची आहे. अडचण आहे ती बाद मतांची. पदवीधरांच्या निवडणुकीतही बाद मतपत्रिकांचे गठ्ठे निघतात. त्यामुळे आधी सदस्यांसाठी संचयी मतदान आणावे, ते समजायला सोपे आहे. पसंतीक्रम त्यानंतर.

वरच्या राजकारणाविषयी थोडक्यात. आमदाराने दुसऱ्या बाजूच्या चांगल्या विधेयकाला मत द्यायचे ठरवले तरी पक्षाचा व्हीप मोडला म्हणून त्याचे पद जाऊ शकते. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीची ही बाजू. ती किती गुंतागुंतीची झाली आहे, हे तुमच्या मतदारसंघाने जवळून पाहिले. शिवसेनेतल्या 2022 च्या फुटीनंतर महाडचे आमदार भरत गोगावले यांना पक्षाचे प्रतोद म्हणून विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता 11 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, कारण प्रतोद राजकीय पक्षाने नेमायचा असतो. 10 जानेवारी 2024 रोजी अध्यक्षांनी शिंदे गटालाच पक्ष मानून तीच नेमणूक वैध धरली. व्हीपचे बंधन विश्वासदर्शक ठराव, अर्थविधेयक अशा सरकारच्या अस्तित्वाच्या मतदानापुरतेच असावे, असे दिनेश गोस्वामी समितीने 1990 सालीच सुचवले होते. मला ते पटते. पण तो संसदेचा विषय आहे आणि तिथे तुमचा-माझा हात सहज पोहोचत नाही.

ग्रामपंचायतीचे मात्र तसे नाही. राज्यघटनेचे कलम 243-ग इतकेच सांगते की पंचायतीच्या जागा प्रभागांतून थेट निवडणुकीने भराव्यात. मत कसे द्यावे आणि कसे मोजावे, हे ठरवण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाचा. आरक्षण जसेच्या तसे राहील, कारण 1937 ची रीत तयार आहे : राखीव आणि महिला जागा त्या-त्या प्रवर्गातल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला आधी द्यायच्या, बाकीच्या मागाहून. कंपनी कायदा 2013 च्या कलम 163 मध्ये संचालक निवडताना संचयी मतदानाची मुभा आजही आहे. भागधारकाला जे मिळते ते गावकऱ्याला मिळायला काय हरकत आहे?

एक सावधगिरीही सांगतो. दोघांना बळेच एका सरकारात बसवून प्रत्येकाला नकाराधिकार दिला, तर गाडा पुढे जात नाही. उत्तर आयर्लंडमध्ये 1998 च्या करारानंतर तसे केले. रक्तपात बराच थांबला, हे मोठेच यश. पण एका बाजूने पाय मागे घेतला की कारभार ठप्प होतो, आणि 2017 ते 2020 व पुन्हा 2022 ते 2024 या काळात तो झालाही. म्हणून हरलेल्यांना जागा द्यावी, आवाज द्यावा, कामाची जबाबदारी द्यावी, पण सगळे रोखून धरण्याचा अधिकार देऊ नये.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. नगरपालिकांत विषय समित्यांच्या जागा गटांच्या तौलनिक संख्याबळानुसार वाटाव्या लागतात. ग्रामपंचायतीलाही ग्रामविकास समित्या नेमता येतात. आज जे बहुमतात आहेत त्यांनी पाणी आणि आपत्ती या दोन समित्यांचे काम हरलेल्या पॅनेलच्या माणसांकडे सोपवून पाहावे. आपत्तीची समिती मी मुद्दाम म्हणतो. जुलै 2005 मध्ये तुमच्या दासगावावर, जुईवर, रोहनवर, कोंडिवत्यावर दरडी कोसळल्या आणि वाचलेल्यांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागले. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर सावित्रीतला गाळ काढा, दासगावजवळच्या कोकण रेल्वेच्या भरावातून पाण्याला वाट करून द्या, ही मागणी महाडकरांनी पक्ष बाजूला ठेवून लावून धरली. रेल्वेपुढे, पाटबंधारे खात्यापुढे, जिल्हाधिकाऱ्यांपुढे एका पॅनेलचे निवेदन गेले तर दुसऱ्या पॅनेलचा माणूस मागून ते अडकवू शकतो. दोघांच्या सह्यांचे निवेदन अडवणे कोणालाही जड जाते.

शेवटी एक विनंती. 15 ऑगस्टची किंवा 2 ऑक्टोबरची ग्रामसभा येईल, तेव्हा एक ठराव मांडा : ग्रामपंचायत निवडणुकीत बहुसदस्य प्रभागांसाठी संचयी मतदान लागू करण्याकरिता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात दुरुस्ती करावी. सूचक एका पॅनेलचा घ्या, अनुमोदक दुसऱ्याचा. ठरावाची प्रत ग्रामविकास विभागाला, राज्य निवडणूक आयोगाला आणि तुमच्या आमदारांना पाठवा, पोच घ्या. आणि झालेल्या ठरावाची एक प्रत आमच्याकडेही पाठवा. ती या स्तंभात छापू, म्हणजे पोलादपूर, माणगाव, खेडच्या गावांनाही तिचा नमुना मिळेल.